एचएमटी पायलट: नव्याने रंगवलेलं की डाग पडलेलं अस्सल?

एचएमटीचं पायलट हे जुनं मनगटी घड्याळ काळ्या डायलचं घ्यायचं म्हणून बाजारात चौकशी केली की दोन प्रकार पुढे येतात. पहिलं काजळासारखं काळंभोर, आकडे पांढरेशुभ्र, केसवर, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचावर, ताजं पॉलिश. दुसऱ्याचं काळं करड्याकडे झुकलेलं, चारच्या आकड्यापाशी डाग, काट्यांवरचं रेडियम पिवळसर पडलेलं. बऱ्याचदा दुसऱ्याचीच किंमत जास्त सांगतात आणि घेणारा गोंधळतो. मी दोन्ही घेतली, दोन्ही मनगटावर वापरली. अनुभव माझ्यापुरताच आहे, पण निवड करायला बसलेल्याला तो उपयोगी पडावा.

एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. तेव्हापासून जनता, पायलट, कोहिनूर, कांचन या मॉडेलांना अचानक गिऱ्हाईक वाढलं. मशीन सापडणं कठीण नव्हतं, दुरुस्तीवाल्यांच्या डब्यांत ती पडून होती. टिकली नव्हती ती डायल. मग जुनी डायल घासून, रंग मारून, नावं आणि आकडे पुन्हा छापून घड्याळं उभी राहू लागली. सेइको फाइव्ह या जपानी घड्याळांच्या बाबतीत हे काम मुंबईत आधीपासून चालत होतं. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि त्या शब्दात कौतुक फारसं नसतं.

मला मात्र या कामाबद्दल तुच्छता नाही. माझं पहिलं पायलट असंच होतं, 2017 साली चोर बाजारातून 1,200 रुपयांना घेतलेलं. मटण स्ट्रीटवरच्या एका टेबलावर तीस-चाळीस घड्याळं मांडली होती, त्यात मोरपंखी, किरमिजी, भगव्या रंगांची डायलं होती. एचएमटीच्या कारखान्यातून पायलट त्या रंगांत कधी बाहेर पडलं असेल असं मला वाटत नाही, पण दिसायला ती सुरेख होती. हे हाताचं काम आहे आणि ते करणाऱ्यांची नजर पक्की असते. मी काळंच उचललं. उन्हात धरलं की असं चमकायचं की ऑफिसात चौघांनी तरी कुठून घेतलंस म्हणून विचारलं. मशीनही अस्सल होतं, किल्लीचं, 0231 क्रमांकाचं, सतरा ज्वेलचं (म्हणजे आत झीज कमी करणारे सतरा बारीक खडे). पहिले दोन महिने मी त्याच्यावर पूर्ण खूश होतो.

मग एके दिवशी लक्षात आलं की बारा वाजता दोन्ही काटे एकमेकांवर येतात खरे, पण बाराच्या आकड्यावर येत नाहीत. जरा अलीकडेच, मिनिटाच्या अर्ध्या घराएवढे. मला वाटलं काटे चुकीचे बसले असतील. आठवड्याने पाहिलं तर फरक पूर्ण एका घराचा झालेला. काटे जागच्या जागी होते, डायल फिरत होतं. रोज सकाळी वेळ जुळवायला किल्ली ओढायची, काटे फिरवायचे, की डायल केसभर सरकायचं. एकदा हे दिसल्यावर दुसरं काही दिसेना. मीटिंगमध्ये, बसमध्ये, जेवताना माझी नजर त्या तिरक्या बारावर. पुढे तर तासकाटा एका बाजूला डायलला घासायला लागला आणि दुपारी चारच्या सुमारास घड्याळ थांबायचं. मनगट झटकलं की पुन्हा चालू.

पुण्यात आमच्या पेठेतल्या घड्याळजी काकांकडे नेलं. त्यांनी मागचं झाकण काढलं, मशीन बाहेर घेतलं, डायल उचललं आणि न बोलता माझ्यापुढे धरलं. डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात. ते मशीनच्या भोकांत बसतात आणि बाजूचे दोन स्क्रू त्यांना धरून ठेवतात. माझ्या डायलचे दोन्ही पाय कापलेले होते आणि त्या जागी दोन्हीकडून चिकटणारी टेप होती. ते डायल मुळात दुसऱ्याच मशीनचं, पाय या मशीनच्या भोकांशी जुळेनात म्हणून उडवलेले. टेपचा चिकटपणा उन्हाळ्यात ढिला पडला. वरचा रंगही जाड बसलेला, म्हणून काट्याला जागा पुरेना. काकांनी नवी टेप लावून दिली, पैसे घेतले नाहीत आणि म्हणाले, “परत येशील.” पावसाळ्याआधी मी परत गेलो.

हिशेब एवढाच. घड्याळ स्वस्त होतं, दिसायला छान होतं, वेळही बरी दाखवायचं. पण ज्या डायलकडे पाहून वेळ वाचायची तेच जागेवर राहत नव्हतं. सगळी रंगवलेली घड्याळं अशी नसतात हे आवर्जून सांगतो. मूळ डायलचे पाय शाबूत ठेवून नुसता रंग दिलेली मी पाहिली आहेत आणि ती वर्षानुवर्षं नीट चालतात. फक्त काचेतून बघून यातलं काही कळत नाही.

दुसरं पायलट 2019 मध्ये त्याच काकांनी दिलं. लोक दुरुस्तीला टाकून जातात आणि परत येत नाहीत अशा घड्याळांचा त्यांच्याकडे एक खण आहे, त्यातलं. 2,500 रुपये म्हणाले, मी घासाघीस केली नाही. डायलवर डाग आहेत, सातच्या खाली रंगाला बारीक भेग आहे, केसचं क्रोम कडांना उडून आतलं पितळ दिसतं. घेतलं तेव्हा रोज साधारण अर्धा मिनिट मागे पडायचं. सर्व्हिसिंगला द्यायचं तर सुट्या भागांची शोधाशोध ठरलेली. आणि ऑफिसात या घड्याळाबद्दल कुणी कधी विचारलं नाही, हेही खरं.

पण भिंगाखाली धरा. डायलवरची ‘पॅराशॉक’ (धक्क्यापासून बचावाच्या सोयीचं नाव) ही अक्षरं इतकी बारीक आणि तरीही सुटी सुटी आहेत की बघत राहावं. माझ्या रंगवलेल्या डायलवर त्याच अक्षरांची पोटं शाईने भरलेली होती आणि एचएमटीचं चिन्ह एका अंगाला जाड होतं. अस्सल घड्याळाचं रेडियम काट्यांवर आणि आकड्यांवर सारखंच पिवळलेलं, म्हणजे दोन्ही एकत्र म्हातारी झाली. ज्या घड्याळात आकडे हिरवट-पांढरे आणि काटे तपकिरी, तिथे कुणाचा तरी हात फिरलाय असं समजायला हरकत नाही. आणि बारा वाजता काटे बारावर येतात. सहा वर्षं झाली, येतातच.

बदल करूच नयेत असं माझं म्हणणं नाही. काच मीही बदलली, प्लास्टिकची काच चरे पडून आंधळी होतेच. पट्टा तर दर वर्षी नवा. जे काढून पुन्हा पहिल्यासारखं करता येतं ते खुशाल करावं. डायल घासलं की मूळचं छापकाम कायमचं गेलं, तिथे मी थांबतो. केसला फार बफ मारणंही मला नको वाटतं, कडा गोल होतात आणि घड्याळ साबणाच्या वडीसारखं दिसू लागतं. रंगीत डायलची हौस असेल तर ज्याचं मूळ डायल आधीच गेलंय असं घड्याळ घ्या आणि रंगवणाऱ्याला पाय न कापण्याची अट घाला. घेताना विक्रेत्यासमोर किल्ली ओढून काटे पाच-सहा वेळा पूर्ण फिरवा आणि बाराकडे बघा. ‘न वापरलेला जुना स्टॉक’ असं सांगून जास्त पैसे मागत असतील तर मागचं झाकण उघडून दाखवायला सांगावं. खरोखर तसा माल असणारा माणूस सहसा नाही म्हणत नाही. आणि त्याआधी घरातली कपाटं बघा. आमच्याकडे लग्नात जावयाला घड्याळ द्यायची पद्धत होती, त्यातली कितीतरी एचएमटी अजून साड्यांच्या खाली पडून असतील.

रंगवलेलं पायलट मी विकलं नाही. मागच्या दिवाळीत अस्सल घड्याळ हातातून फरशीवर पडलं आणि बॅलन्सचा, म्हणजे मशीनची लय धरणाऱ्या चाकाचा, दांडा मोडला. तसा दांडा दोन आठवडे शोधून मिळेना. शेवटी काकांनी रंगवलेल्या घड्याळातलं बॅलन्स काढून यात बसवलं, दोन्ही मशीन 0231 असल्यामुळे ते अडचण न येता बसलं. आता अस्सल घड्याळ दिवसाला दहा सेकंद पुढे जातं. काळंभोर डायल मात्र काकांच्या काउंटरवर काचेखाली ठेवलेलं आहे, आणि नवीन गिऱ्हाईक आलं की ते उलटं करून कापलेले पाय दाखवतात.