पेन बॅटरीचं की बिनबॅटरीचं?

टॅबच्या पडद्यावर रोज हाताने टिपणं काढणाऱ्याला मी बिनबॅटरीचंच पेन सुचवेन. सॅमसंगच्या टॅबचं एस पेन चार्ज नसलं तरी लिहितं, कारण त्याच्या पोटात तारेचं बारीक वेटोळं असतं. पडद्यामागच्या जाळीतलं चुंबकीय क्षेत्र त्याला ऊर्जा पुरवतं. वेटोळ्याकडून परत येणाऱ्या लहरींवरून टोक कुठे आहे, किती दाबलंय, हे टॅबला कळतं. टोक पडद्यापासून जरासं वर धरलं तरी ठिपका सोबत फिरतो. वेलांटी कुठून सुरू करायची, हे आधीच दिसतं!

२०१५ मध्ये आलेल्या अ‍ॅपल पेन्सिलीत मात्र बॅटरी आहे. ती स्वतः संकेत सोडते आणि बोटाचा स्पर्श ओळखणारा पडदाच तो टिपतो, म्हणून मागे वेगळी जाळी लागत नाही. तिरकी धरून शेडिंग करायला ती फारच सुंदर. पण चार्ज संपला की साधी शिरोरेषाही उमटत नाही.