धावत्या कॅरव्हॅनची टाकी आणि १२ व्होल्टचे हीटिंग पॅड

ग्वाल्हेरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पुढे थेट श्रीनगर गाठतो, त्यामुळे इथल्या ट्रेलर-कॅरव्हॅनवाल्यांना हिवाळ्यातल्या काश्मीरची ओढ लागणं साहजिक आहे. पण बनिहाल-काझीगुंड बोगद्यापलीकडे चिल्लई कलानात, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांत, घरांतले नळसुद्धा गोठतात. उघड्या चासीखाली वारा खात जाणाऱ्या पाण्याच्या टाकीचं तिथे काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

कॅम्पिंगच्या जागी वीज मिळते, रस्त्यात मिळत नाही. गॅसवरचा हीटर चालत्या गाडीत लावू नये. धक्क्याने नळी निखळली तर काय होईल याचा विचार करा आणि निघतानाच सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. राहता राहिले टाकीच्या बुडाला चिकटवायचे १२ व्होल्टचे पॅड. दोन टाक्यांसाठी (वापरायच्या पाण्याची आणि सांडपाण्याची) ६० वॅटचे दोन मोठे पॅड, एल्बोसाठी, म्हणजे पाइपाच्या वळणांसाठी, १५ वॅटचे दोन छोटे, आणि साधारण ७ अंशांना चालू होऊन १८ अंशांना बंद होणारा थर्मोस्टॅट, असा जो संच बाजारात येतो त्याचं हे परीक्षण. आमच्या मते पॅड चांगले आहेत, सोबतची वायरिंग टाकाऊ आहे, आणि ज्या कामावर यश ठरतं त्याबद्दल माहितीपत्रकात अवाक्षर नाही.

ते काम म्हणजे टाकीवरचं वेष्टन. १०० लिटरच्या टाकीचा पृष्ठभाग सुमारे १.६ चौरस मीटर धरा. पाणी २ अंशांवर आणि हवा उणे ८ वर असेल, तर धावत्या गाडीच्या वाऱ्यात उघडी टाकी अडीचशे वॅटच्या आसपास उष्णता गमावते. तिथे ६० वॅटचा पॅड काय पुरणार? त्याच टाकीला १९ मिमी जाडीची नायट्राइल रबर शीट (एसी फिटरवाल्यांचा काळा फोम) लावली की गळती तीसेक वॅटवर येते आणि तोच पॅड आरामात पुरतो. वारा पाण्याला हवेपेक्षा थंड करत नाही, उष्णता भराभर ओढून नेतो एवढंच. म्हणून वारा अडवला की निम्मं काम झालं. ग्लासवूल वापरू नका. रस्त्यावरचं पाणी उडून ते भिजतं आणि निरुपयोगी होतं. फोमखाली अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा पोकळ नळ्यांची प्लास्टिक शीट मारून सगळं पोट बंद करा, व्हॉल्व्हसाठी एक उघडझाप करता येईल असा तुकडा ठेवा.

चिकटवण्याचं काम दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या दुपारी उरकावं. जानेवारीत ग्वाल्हेरची दुपारही कधी कधी धुक्यात जाते आणि गार प्लास्टिकवर गोंद धरत नाही. टाकी रिकामी आणि कोरडी करा, बारीक सँडपेपर फिरवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधून कडेकडे रोलरने दाबत जा, कडांना सिलिकॉन लावा आणि एक पूर्ण दिवस जाऊ द्या. टाकीच्या शिवणीवर किंवा उंचवट्यावर पॅड आला तर खाली हवेचा फुगा राहतो आणि पॅड नेमका तिथेच जळतो. पॅड कापू नये, दुमडू नये. थर्मोस्टॅटचा मणी (तापमान टिपणारा भाग) टाकीला टेकलेला आणि फोमच्या आत हवा. बाहेर राहिला तर तो हवेचं तापमान मोजत बसतो आणि पॅड बंदच होत नाही. टाकी एक तृतीयांशाच्या खाली गेली तर स्विच बंद करा, कोरडं प्लास्टिक वाकडं होतं. जानेवारीतल्या इथल्या रात्री चाचणीला उत्तम, कारण पारा ७ च्या बराच खाली उतरतो आणि थर्मोस्टॅट चालतो की नाही ते घरीच कळतं.

आता वायरिंग. संचाच्या कागदावर पॅड ओढणाऱ्या गाडीच्या सात पिनांच्या प्लगवर थेट जोडायला सांगितलं आहे. हे करू नका. चारही पॅड मिळून साडेबारा अँपिअर ओढतात. अडीच चौरस मिमी तारेच्या जाऊन-येऊन १४ मीटर लांबीत सुमारे १.३ व्होल्ट पडतात, आणि १२ चे १०.७ झाले की ६० वॅटचा पॅड ४८ वॅटचा होतो. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज स्वतःहून उतरवतो. म्हणून पॅड कॅरव्हॅनच्या बॅटरीवर घ्या, आणि ती भरायला २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणारा), १० चौरस मिमी तार, ५० अँपिअरचा अँडरसन प्लग (जास्त प्रवाहासाठीचा जाड प्लग) आणि गाडीच्या बॅटरीजवळ ४० अँपिअरचा फ्यूज लावा. प्रत्येक मोठ्या पॅडला वेगळा साडेसातचा फ्यूज. बहोडापूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात ट्रकची वायरिंग करणाऱ्या कारागिराला हे नवीन नाही, फक्त तारेची जाडी लिहून द्या. बॅटरी लिथियमची असेल तर ती आत, राहत्या भागात हवी. शून्याखाली तिचं चार्जिंग बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) बंद करतो आणि पॅड तिला रिकामी करत राहतात.

संचाची खरी उणीव पाइपांत आहे. भरलेली टाकी गोठायला वेळ लागतो, पण १५ मिमीच्या अर्ध्या मीटर पाइपात जेमतेम ९० मिली पाणी असतं आणि ते सगळ्यात आधी गोठतं. सीपीव्हीसीचा कडक पाइप तडकतो, पेक्सचा लवचिक प्लास्टिक पाइप बरंच सहन करतो. पंप आणि त्याचा फिल्टर आत घ्या, बाहेरच्या पाइपांवर वेगळी हीटिंग टेप गुंडाळा. सांडपाण्याच्या टाकीत लिटर-दीड लिटर आणि प्रत्येक सिंकच्या ट्रॅपमध्ये (सिंकखालच्या पाणी साठणाऱ्या वळणात) पाव लिटर प्रॉपिलीन ग्लायकोल हे न गोठणारं द्रव ओता; निम्मं पाणी मिसळलं तरी ते उणे ३० पर्यंत टिकतं. इंजिनाचा कूलंट मात्र मुळीच नको. तो बहुधा एथिलीन ग्लायकोलचा, म्हणजे विषारी असतो.

एकदा टाकी गोठली की पॅडवर विसंबू नका. ६० वॅटमध्ये तासाला साडेसहाशे ग्रॅम बर्फ वितळतो, तोही वाऱ्यात काही वाया गेलं नाही तर. १०० लिटरला सहा दिवसांहून जास्त लागतील.

डिझेल हीटर हा याला जोड म्हणून चांगला, पण ग्वाल्हेरात भरलेलं डिझेल त्याच्या बारीक नळीत मेणासारखं साकळतं. साध्या हिवाळी डिझेलच्या प्रवाह-बिंदूची, म्हणजे ज्याखाली ते वाहत नाही त्या तापमानाची, मर्यादाच ३ अंशांची आहे. त्याची टाकी निघताना जवळपास रिकामी ठेवा आणि थंड भागातल्या पंपावर भरा.

काश्मीरात दोन-तीन रात्रीच काढायच्या असतील तर हा संच घेऊ नका. निघण्यापूर्वी सगळे पाइप आणि टाक्या रिकाम्या करा, ट्रॅपमध्ये ग्लायकोल ओता, आणि पिण्या-वापरायचं पाणी २० लिटरच्या कॅनमधून आत, पलंगाखाली न्या.