रुगर १०/२२ : काही महिने रेंजवर वापरल्यानंतर

‘यात काहीही भरा, चालते’ असं या रायफलबद्दल सर्रास ऐकायला मिळतं. काही महिन्यांच्या वापरानंतर त्यातलं निम्मंच पटतं. चालते हे खरं, पण काडतूस बदललं की तिचं वागणं इतकं बदलतं की घेतल्या घेतल्या ट्रिगर, बॅरल (नळी), दस्ता बदलत सुटण्यापेक्षा तेच पैसे चार-पाच प्रकारच्या काडतुसांवर घालवलेले बरे. स्वस्त रायफल महाग करण्याचा उद्योग नंतरही करता येतो.

ओळख थोडक्यात. हे मॉडेल १९६४ पासून बाजारात आहे. काडतूस .२२ एलआर (लाँग रायफल). साध्या कार्बाइनचं बॅरल साडेअठरा इंची, आतले आटे १६ इंचात एक वेढा देणारे, वजन साधारण सव्वादोन किलो, रिसीव्हर, म्हणजे यंत्रणेचा सांगाडा, अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा. खरी कमाल मॅगझिनची. दहा काडतुसं एका फिरत्या चक्रात आपापल्या खाचेत बसतात, त्यामुळे एकाच्या बुडाची कड दुसऱ्याच्या कडेत अडकत नाही. सरळ उभ्या .२२ मॅगझिनचा हा जुना आजार इथे मुळातच नाही. शिवाय मॅगझिन दस्त्याच्या आतच मावतं. पंचवीस गोळ्यांचं लांब मॅगझिन दिसायला झोकदार, पण टेबलावर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली की ते खाली आपटतं. बेंचवरून नेमबाजी करायची तर दहाचंच बरं.

आता काडतुसाचं. ही ब्लोबॅक पद्धतीची रायफल आहे. म्हणजे गोळी सुटताना बोल्टला, नळीमागच्या सरकत्या ठोकळ्याला, कुठलंही कुलूप नसतं. बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच सगळं तोललेलं. पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) मागे ढकलली जाते, तिच्यासोबत बोल्ट मागे जातो, पुंगळी बाहेर फेकतो आणि येताना पुढचं काडतूस आत लोटतो. हा जोर पुरेसा नसेल तर बोल्ट अर्ध्यातून परततो. ४० ग्रेनच्या (सुमारे २.६ ग्रॅम) हाय व्हेलॉसिटी गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३८० मीटर असतो, तिच्यावर यंत्रणा बिनधास्त चालते. स्टँडर्ड व्हेलॉसिटी म्हणजे ३२५ मीटरच्या आसपास. रायफल स्वच्छ असेल तर त्यावरही चालते, काजळी साठली की कुरकुरते. त्याहून मंद, आवाज कमी करणाऱ्या गोळ्या घालून ‘रायफल अडकते’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

गंमत अशी की अचूकतेचं गणित बरोबर उलटं आहे. हाय व्हेलॉसिटी गोळी ध्वनीच्या वेगापेक्षा जोरात निघते आणि वाटेत त्या वेगाखाली येते, तिथे ती थोडी डगमगते. स्टँडर्ड गोळी पहिल्यापासूनच ध्वनीपेक्षा मंद, म्हणून शांत. ५० मीटरवर, पिशवीवर टेकवून, पाच गोळ्यांचा ग्रुप (निशाणावरच्या भोकांचा पसारा) स्वस्त ठोक डब्यातल्या हाय व्हेलॉसिटीने ३० ते ४० मिलिमीटर आणि चांगल्या स्टँडर्ड गोळीने २० ते २५ मिलिमीटर येत असेल, तर साध्या बॅरलकडून याहून जास्त मागू नये. काडतुसाचा प्रकार बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नका. गोळीवरच्या मेणाचा नवा थर बॅरलमध्ये बसेपर्यंत ग्रुप पसरलेलाच राहतो.

अडकलेली रायफल नीट पाहिली की कारण बहुधा समोरच असतं. पुंगळी अर्धवट बाहेर उभी राहिली तर काडतूस कमजोर किंवा बोल्ट ज्या दांड्यावर सरकतो तो कोरडा. पुंगळी चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी) राहिली तर चेंबर मळलेलं किंवा पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली मेण-काजळीचा गोळा. नवं काडतूस तिरकं अडकलं तर मॅगझिन पूर्ण वर बसलं नव्हतं का ते आधी बघा.

‘टक्’ वाजलं आणि बार झाला नाही, तर रायफलचं तोंड निशाणाकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा. उशिरा पेटणारं काडतूस ही कल्पना नाही. रिमफायर म्हणजे .२२ सारख्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत फिरवून भरलेला असतो, एखाद्या जागी तो कमी पडला की आघात वाया जातो. म्हणून कडेवर ठोका खोल उमटला असेल तर दोष बहुधा काडतुसाचा, उथळ असेल तर बोल्ट पूर्ण बंद झाला नव्हता. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर मात्र लगेच थांबायचं. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा आणि गोळी नळीतच अडकलेली नाही ना याची सळई घालून खात्री करा. तशा नळीत दुसरी गोळी झाडली की बॅरल कामातून गेलं, आणि हातांचं काय होईल ते वेगळंच.

नेम अचानक सरकला तर बॅरलला दोष देण्याआधी स्क्रू तपासा. स्कोपचा (नेमाच्या दुर्बिणीचा) बेस रिसीव्हरला चार बारीक स्क्रूंनी बसतो. तेल पुसून, थ्रेडलॉकरचा (स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) थेंब लावून बसवले नाहीत तर ते सैलावतात. कार्बाइनच्या पुढच्या टोकाला बॅरलभोवतीची पट्टी असते, ती कमी-जास्त आवळली की बॅरलवरचा ताण बदलतो आणि ग्रुप दुसरीकडे जातो. स्कोप रिमफायरसाठीचाच घ्या. त्याचा पॅरालॅक्स साधारण ५० यार्डांवर साधलेला असतो, सेंटरफायरचा (बुडाच्या मध्यभागी पेटणाऱ्या काडतुसांच्या रायफलींसाठीचा) १०० वर, आणि जवळच्या निशाणावर डोळा जरा हलला तरी त्यात नेम हलतो. स्कोपचा पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक ५० मीटरवर साडेतीन मिलिमीटर सरकवतो. ५० वर झिरो केलेली, म्हणजे तिथे नेम जुळवलेली, रायफल १०० मीटरवर १५ ते २५ सेंटिमीटर खाली मारते, तेव्हा शंभरच्या निशाणावर आधी मोठा कागद लावा. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवरच दोन-तीन सेंटिमीटर खातो.

ट्रिगर हा या रायफलचा सगळ्यात कच्चा भाग. अडीच किलोच्या आसपास जोर लागतो आणि मध्ये थोडी खरखरही. कंपनीचाच हलका ट्रिगर संच मिळतो आणि बदलायचंच असेल तर पहिला खर्च हाच करावा.

सफाईत नळीपेक्षा चेंबर आणि बोल्टचं तोंड महत्त्वाचं. दोनशे ते तीनशे गोळ्यांनंतर ब्रशने तेवढं पुसलं तरी बरंचसं अडकणं थांबतं. साध्या रिसीव्हरला मागून भोक नाही, त्यामुळे सळई तोंडाकडूनच घालावी लागते. ती घासून नळीच्या तोंडाची कड बिघडली की अचूकता कायमची गेली. चेंबरकडून ओढायची दोरी जास्त सुरक्षित. दस्त्यातून काढताना चेंबर रिकामं असल्याची खात्री, हॅमर चढलेला आणि सेफ्टीचं बटण बरोबर मधोमध, नाहीतर ट्रिगरचा संच लाकडात अडकतो. संचाच्या दोन आडव्या पिना सैल असतात, उचलताच खाली पडतात, म्हणून काम कापडावर करा. तेल दोन-तीन थेंबच. जास्त तेलात काजळी कालवली जाते. शेवटी साबणाने हात धुवा, बोटांवर शिसं असतं.

आणखी एक खटकणारी गोष्ट. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट आपोआप उघडा राहत नाही. रिकाम्या रायफलवर बोल्ट बंदच असतो, बाहेरून काही कळत नाही. म्हणून मोजून झाडा, आणि रेंज थंड (गोळीबार बंद) जाहीर झाली की मॅगझिन काढून, बोल्ट हाताने मागे अडकवून, चेंबरच्या तोंडाला बोट लावून तपासा आणि मगच चेंबर रिकामं असल्याची झेंडी लावा.