मेलमन ३ वर ईमेल चर्चा-यादी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मेलमन ३ ईमेल चर्चा-यादी चालवतो, म्हणजे एका पत्त्यावर आलेला मेल सगळ्या सभासदांना वाटतो. तो मोफत आहे, मुक्त (ओपन सोर्स) आहे आणि एकदा जागेवर बसला की गुमान काम करतो. पण नवख्याची दमछाक तो बसवताना होत नाही, पहिलं आमंत्रण गेल्यावर होते. खालची सेटिंग्ज त्याआधीच लावून ठेवा.

बसवण्याबद्दल थोडक्यात. मेल वाटणारा कोअर, कारभारासाठी पोस्टोरियस, जुना पत्रव्यवहार जपायला हायपरकिटी, आणि या सगळ्यांपुढे मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स. सर्व्हर भाड्याने घेण्यापूर्वी मेल पाठवायला लागणारं २५ नंबरचं पोर्ट बाहेर जायला उघडं आहे का ते विचारा. अनेक ठिकाणी ते बंद असतं. एसपीएफ (या डोमेनचे मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि पीटीआर (सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून त्याचं नाव सांगणारी) नोंद जुळेपर्यंत कुणाला मेल पाठवू नका. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) डायजेस्टची, म्हणजे मेल एकत्र बांधून पाठवण्याची, ओळ राहून गेली, तर रोजचा गठ्ठा मागणाऱ्यांना ३० केबी मजकूर साठेपर्यंत काहीच जात नाही. कमी बोलणाऱ्या यादीवर ही शांतता आठवडाभर टिकते आणि लोकांना वाटतं यादी बंद पडली.

आता खरी डोकेदुखी: डीमार्क, म्हणजे आपल्या नावाने आलेला मेल तपासणीत नापास झाला तर काय करायचं हे डोमेनच्या मालकाने जाहीर केलेलं धोरण. यादी विषयाच्या आधी कंसातलं नाव लावते, तळाला चार ओळी जोडते. एवढ्यानेच मूळ पाठवणाऱ्याची डीकेआयएम सही मोडते. त्याच्या डोमेनचं धोरण ‘रिजेक्ट’ असेल, तर घेणारे सर्व्हर तो मेल परत फेकतात. गंमत अशी की दंड पाठवणाऱ्याला होत नाही, ज्यांच्याकडून मेल परत आला त्यांना होतो. प्रत्येकाच्या बाउन्स (परत आलेल्या मेलच्या) खात्यात दिवसाला जास्तीत जास्त एक गुण चढतो; ५ झाले की त्यांचं वितरण थांबतं. म्हणजे असा एक सभासद सलग पाच दिवस बोलला की निम्मी यादी निर्दोष असूनही गप्प. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने हे धोरण लावलं तेव्हा जगभरच्या याद्यांवर हेच झालं होतं. उपाय: डीमार्कच्या सेटिंगमध्ये ‘फ्रॉम’च्या जागी यादीचा पत्ता घालण्याचा पर्याय निवडा. दिसायला कुरूप आहे, पण काम होतं.

आकाराची मर्यादा मुळात ४० केबी असते. इंग्रजी मजकुराला ती पुरते. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह युटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट घेतं आणि मेलसाठी बेस६४ मध्ये (साध्या इंग्रजी चिन्हांत मजकूर बदलायची पद्धत) गेल्यावर त्याचे ४ होतात, म्हणजे जेमतेम दहा हजार चिन्हं. त्यात एचटीएमएल मेल तोच मजकूर दोनदा वाहतो, खाली आधीची सगळी उत्तरं चिकटलेली. चौथ्या-पाचव्या उत्तराला मेल मंजुरीसाठी अडतो. मर्यादा २०० केबी करा. मजकूर-गाळणी लावून फक्त साधी आवृत्ती ठेवता येते, पण आकार गाळणीआधी मोजला जातो, त्यामुळे मर्यादा तरीही वाढवावीच लागते.

उत्तर कुठे जावं यावर लोक हमरीतुमरीवर येतात. चर्चेच्या यादीला ‘उत्तर यादीकडे’ बरं. नाहीतर निम्मी चर्चा खासगीत विरते. याची किंमतही आहे: एखाद्याची खासगी कुरकुर सगळ्यांसमोर येते. हे स्वागताच्या मेलमध्येच लिहून टाका.

जीमेलवाले हमखास विचारतात, ‘माझा मेल गेलाच नाही का?’ गेलेला असतो. स्वतःच्या मेलची यादीवरून परत आलेली प्रत जीमेल वेगळी दाखवत नाही. अशा सभासदांना पोचपावतीचा पर्याय चालू करून द्या.

नवीन सभासदाचा पहिला मेल अडवून वाचायचा, बरा वाटला की मोकळं सोडायचं. एवढ्याने कचरा जवळजवळ संपतो. सभासद नसलेल्यांचे मेल मात्र ‘अडवा’वरच ठेवा आणि रांग रोज पाहा. लोकांना परस्पर यादीत घालू नका, आमंत्रणच पाठवा. न विचारता घातलेला माणूस यादी सोडत नाही, स्पॅमचं बटण दाबतो.

शेवटची खोड: ‘मला काढा’ असे मेल. मेलमन अशा आज्ञा ओळखून अडवतो, पण इंग्रजी शब्दांतल्याच. मराठीतला थेट सगळ्यांकडे जातो. तो दिसताच यादीवर उत्तर देऊ नका. पोस्टोरियसमध्ये जाऊन सभासद गुपचूप काढा आणि त्याला खासगीत कळवा. यादीवर एकाने जरी उत्तर दिलं, तरी दहा मिनिटांत ‘मलाही’ सुरू होतं.