स्टार्टर की रिलिव्हर?

कॉलेजात बेसबॉलचं पिचिंग (फलंदाजाला चेंडू टाकणं) करणाऱ्या मुलाला कोच सांगतो, ‘स्टार्टर नको, बुलपेनमध्ये जा.’ स्टार्टर म्हणजे सामना सुरू करणारा पिचर; रिलिव्हर नंतर त्याची जागा घेतो, आणि बुलपेन म्हणजे रिलिव्हर अंग गरम करतात ती जागा. ऐकावं का?

पैशात स्टार्टर सरळ पुढे. स्टार्टर यामामोतोला डॉजर्स या अमेरिकी संघाकडून 12 वर्षांचे 32.5 कोटी डॉलर. रिलिव्हर एडविन डियाझला मेट्स संघाने 2022 मध्ये 5 वर्षांचे 10.2 कोटी दिले, तेव्हा रिलिव्हरसाठी तोच विक्रम ठरला!

कौशल्याचं गणित वेगळं. तेच फलंदाज दोन-तीनदा समोर येतात, म्हणून स्टार्टरला निदान तीन प्रकारचे चेंडू हवेत. रिलिव्हरचं एका इनिंगपुरतं दोनांत भागतं. रिलिव्हर मारियानो रिव्हेराने तर मुख्यतः एकट्या कटरवर (शेवटी किंचित वळणारा वेगवान चेंडू) 652 सेव्ह (शेवटी येऊन संघाची आघाडी राखणं) काढले.

हातावरच्या ताणाचा प्रश्न मात्र फसवा. स्टार्टर एका सामन्यात नव्वदेक चेंडू टाकतो, पण मधे चार-पाच दिवस मोकळे. रिलिव्हर वीसच टाकतो, तेही कधी लागोपाठ दोन दिवस. शिवाय बुलपेनमध्ये अंग गरम करून नुसतं बसायचं; ते चेंडू सामन्याच्या हिशेबात येत नाहीत. आणि भूमिका बदलताही येते: स्टार्टर जॉन स्मोल्ट्झ कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर क्लोजर (सामना संपवणारा रिलिव्हर) झाला, 2002 मध्ये 55 सेव्ह केले आणि 2005 मध्ये पुन्हा स्टार्टर!

तिसरा चेंडू जमतोय, दम आहे, तर स्टार्टरच राहा. वेग आहे पण दोनच चेंडू, आणि रोज तयार राहायची तयारी असेल, तर बुलपेन.