विंडोज 7 आणि चाळीस रुपयांचा सेल: आठ महिन्यांचा अनुभव

विंडोज 7 चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, 14 जानेवारी 2020 ला संपला, हे मला माहीत आहे. कृपया कुणी परत सांगू नका. गंगाखेडला माझं डीटीपीचं दुकान आहे. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ही किल्ली लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) प्रिंटरच्या जुन्या पंचवीस पिनांच्या पोर्टात बसतं आणि नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका त्याच जुन्या फॉन्टात पडून आहेत, युनिकोड (कुठल्याही मशीनवर वाचता येणारं टायपिंग) वगैरे काही नाही. नवं मशीन आणि नवं सॉफ्टवेअर मिळून परभणीहून जो आकडा आला, तो ऐकून मी चहा मागवला आणि विषय बदलला.

गेल्या लग्नसराईत घोटाळा झाला. माझ्या मेलवरून गिऱ्हाइकांना भलत्याच लिंका जायला लागल्या. एका नवरीच्या बापाचा फोन आला, "पत्रिकेचं प्रूफ म्हणून उघडलं तर लॉटरी निघाली की ओ!" रविवारी नांदेडहून भाच्याला बोलावलं. मी आधीच सांगून टाकलं, अँटीव्हायरस आहे, पैसे भरून घेतलेला आहे. त्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. 1 जानेवारी 2009.

"मामा, विंडोज 7 बाजारात आलं 22 ऑक्टोबर 2009 ला. तुमच्याकडं जन्माच्या आधीच बारसं!"

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर 2032, संपलेला होता. लाईट गेली की घड्याळ मागं जाणार, आणि आमच्याकडं लाईट जायला काय मुहूर्त लागतो? दोन वर्षं हे असंच चाललं होतं. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. 2009 सालात बसलेल्या ब्राउझरला आजचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं दिसत नाही, म्हणून तो लाल धोका दाखवतो. मी काय करायचो, सवड असली तर तारीख नीट करायची, गिऱ्हाईक उभं असलं आणि 'तरीही पुढे जा' दिसलं तर तेच दाबायचं. दिवसातून दहादा. शेवटी शेवटी तर ते पान काय म्हणतंय हे वाचणंही बंद झालं होतं. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये फुकट बदलून देतो म्हणणाऱ्या एका साइटवर खरा इशारा आला, तेव्हाही बोट थांबलं नाही. सेटअप उतरवला, चालवला. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरीला गेले, मेलचाही.

सेल चाळीस रुपयांचा. मशीनला वर्षाकाठी दोन वेळा हवा मारायला मी दीडशे देतो, पण त्या दुकानदारानं एकदाही सेलचं नाव काढलं नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

मेलचा पासवर्ड मोबाइलवरून बदलला (त्याच मशीनवर बदलला असता तर नवाही गेला असता), ओटीपीची दुसरी कडी लावली, विंडोज पुसून नव्यानं टाकलं. क्रोम विंडोज 7 साठी 109 वरच थांबलंय, जानेवारी 2023 पासून. म्हणून भाच्यानं फायरफॉक्स 115 बसवला. मोझिलानं जुन्या विंडोजवाल्यांसाठी ही आवृत्ती पुढंही सांभाळली. पहिले तीन महिने मी सगळ्यांना हेच सांगत सुटलो होतो की झालं काम, फायरफॉक्स टाका आणि निवांत बसा.

ते मी मागं घेतो. भाच्यानं वॉनाक्रायची गोष्ट सांगितली, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. 12 मे 2017 ला तो सुटला, सगळ्यात जास्त विंडोज 7 च्या मशीनी सापडल्या आणि ब्राउझरचा त्यात काही संबंधच नव्हता. नेटवर्कवरून फायली वाटण्याच्या जुन्या सोयीतून तो शिरायचा. त्याचा पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारा अपडेट, 14 मार्चलाच आला होता, ज्यांनी टाकला नाही ते अडकले. आता असं नवं भोक सापडलं तर माझ्यासाठी पॅच येणारच नाही. दाराला नवं कुलूप, पण भिंतीला भगदाड. अँटीव्हायरस भगदाड बुजवत नाही.

मग सतराशेची एसएसडी (वेगळी डिस्क) घेतली आणि तिच्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम, त्यातलं जुन्या मशीनला झेपणारं एक्सएफसीईवालं. फुकट आहे, हे मला फार आवडलं. आता इंटरनेट, मेल सगळं मिंटवर. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून नेटवर्क कार्डच बंद. बँक फक्त मोबाइलवर. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी मिंटमध्ये लागतो. शॉर्टकट व्हायरसनं लपवलेले फोल्डर तिथं उघडे दिसतात, एक केबीचे शॉर्टकट पुसायचे, लागेल तेवढी फाईल उचलून विंडोजच्या डिस्कवर ठेवायची आणि मशीन रिस्टार्ट. वैताग आहे, खोटं नाही बोलणार. दिवसात सात-आठदा मशीन चालू-बंद होतं.

आणि घड्याळ! नवा सेल घातला, तरी विंडोजमध्ये वेळ साडेपाच तास मागं. अकराला आलेल्या माणसाच्या बिलावर पहाटेचे साडेपाच. गिऱ्हाईक म्हणालं, "काकडा आटपून थेट दुकान उघडता काय?" मी सेलवाल्याशी भांडून आलो, सेल बदलून आणला. सेल चांगलाच होता. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली समजतं. मिंट टाकताना विंडोजची डिस्क काढून ठेवली होती, त्यामुळं त्याला पत्ताच लागला नाही. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) 'timedatectl set-local-rtc 1' ही एक ओळ, म्हणजे बोर्डावर इथलीच वेळ ठेव, मिटलं.

शेजारचा झेरॉक्सवाला मला दोन वर्षं हसत होता. त्याच्या विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 त्याच्या मशीनवर बसत नाही. नाव नोंदवलं तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, हे मीच त्याला सांगितलं. त्याचंही घड्याळ मागं पडतंय म्हणे. माझ्याकडं पाचाच्या पाकिटातले चार सेल उरलेत. त्याला एक दिला, पन्नासला.