लोहामंडीत बनवून घेतलेले कोंबड्यांचे खुराडे : एका पावसाळ्यानंतर

महूच्या रस्त्याला आमची दीड एकर जमीन आहे. गेल्या वर्षी तिथे 25 कडकनाथ कोंबड्या मोकळ्या सोडून पाळल्या होत्या आणि श्रावण ते आश्विन एवढ्या काळात त्यांतल्या 11 गेल्या. कडकनाथ ही शेजारच्याच झाबुआची जात. 2018 साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून आपल्याकडेही ती पाळावी अशी माझ्या वडिलांची इच्छा होती. त्यामुळे हे नुकसान पैशांपेक्षा मनाला अधिक लागले. मारणारा प्राणी कुणाच्याही दृष्टीस पडला नाही. काही कोंबड्या खुराड्यातच, मान तोडलेल्या अवस्थेत सकाळी सापडल्या. काही दिवसाढवळ्या सोयाबीनच्या कडेने नाहीशा झाल्या आणि मागे मूठभर पिसे तेवढी राहिली.

शेतावर राहणाऱ्या मावशींनी खुराड्याभोवती चुलीची चाळलेली राख पसरायला सुचवले. तिसऱ्या रात्री राखेत पाच बोटांचे लहान ठसे उमटले. मांजराच्या पावलाची चार बोटे उमटतात आणि नखे दिसत नाहीत. कुत्रा व कोल्हा यांचीही बोटे चारच, पण नखांच्या खुणा असतात. पाच बोटे म्हटल्यावर मुंगूस किंवा जवादी मांजर यांचाच संशय येतो, आणि आपल्याकडचे मुंगूस दिवसा हिंडणारे असल्याने रात्रीचा पाहुणा जवादी मांजरच असावे, असे मी मानतो. आमचे जुने खुराडे बांबूचे होते आणि त्याला षटकोनी जाळी लावलेली होती. त्या जाळीची बारीक तार कोंबडीला आत ठेवते, पण दात आणि नखे असलेल्या जनावराला बाहेर ठेवत नाही, हे एका कोपऱ्यात फाटलेल्या भोकावरून कळले.

म्हणून दिवाळीनंतर इंदूरच्या लोहामंडीतील एका कारागिराकडून 8 फूट लांब आणि 6 फूट रुंद असे लोखंडी सांगाड्याचे खुराडे बनवून घेतले. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, 16 गेजची वेल्ड केलेली जस्ती जाळी मी आग्रहाने मागितली. ‘भिया, कोंबड्यांसाठी एवढी जाड जाळी कुणी नेत नाही,’ असे त्याने सांगून पाहिले, पण आणून मात्र तीच दिली. चाके आणि पत्र्याचे छप्पर यांसह 19,000 रुपये लागले. काम सांगितलेल्या तारखेपेक्षा दोन आठवडे उशिरा झाले.

या खुराड्यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे चारही बाजूंनी जमिनीवर बाहेरच्या अंगाला दोन फूट पसरलेली जाळीची झालर. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जाळी खोल पुरली तरी ती जागेवर राहत नाही आणि लवकर गंजते. शिवाय खुराडे हलवायचे असेल तर पुरण्याचा प्रश्नच येत नाही. उकरणारे जनावर नेहमी भिंतीच्या अगदी पायाशी उकरू लागते, तिथे त्याला जाळी लागते, आणि दोन फूट मागे सरकून सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. या भाद्रपदात एका सकाळी झालरीच्या आतल्या कडेला ओरखडे आणि ओल्या मातीत तेच पाच बोटांचे ठसे दिसले. आत सर्व कोंबड्या सुखरूप होत्या. त्या सकाळी मला जे समाधान वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. नव्या खुराड्यातून रात्री एकही कोंबडी गेलेली नाही.

दोषही सांगायला हवेत. दाराखाली दोन इंचांची फट राहिली होती, तिच्यातून घूस किंवा धामण सहज आली असती. कारागिराने ती पट्टी जोडून विनामूल्य बुजवून दिली. दाराला साधी आकड्याची कडी होती, ती काढून मी वर आणि खाली असे दोन बोल्ट बसवले. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळून जातो आणि तिथेच पहिल्या पावसात गंज धरला, त्यामुळे घरी आणताच त्या सांध्यांवर जस्ताचा रंग मारणे आवश्यक होते. अरुंद चाके काळ्या चिखलात रुतली आणि आषाढापासून खुराडे हललेच नाही. पावसाळ्यात ते एका जागी राहणार हे गृहीत धरावे. वैशाखात पत्रा इतका तापला की त्यावर गवताचा जाड थर अंथरावा लागला.

दिवसा मात्र यंदाही दोन कोंबड्या गेल्या. त्याचा दोष खुराड्याला देता येत नाही. सोयाबीन कमरेएवढे वाढले की रानमांजर आणि मुंगूस यांना अंगणापर्यंत आडोसा मिळतो, म्हणून आता अंगण आणि पीक यांमध्ये 15 फुटांचा पट्टा आम्ही मोकळा ठेवतो आणि कोंबड्या साडेचारलाच आत घेतो. कुणी विष किंवा फास लावण्याचा सल्ला दिला तर तो मानू नये. मुंगूस आणि रानमांजर यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि विष तर गावातले कुत्रेही खाते.

तलंगांसाठी, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्यांसाठी, दुसरे खुराडे त्याच कारागिराला सांगितले आहे. या वेळी चाके रुंद, दाराचा उंबरठा पक्का आणि बोल्ट आधीपासून बसवलेले, असे कागदावर लिहून दिले आहे.